जांबच्या समर्थांचा शंकेखोर श्रोता

ऑगस्ट 2022 मध्ये जालना जिल्ह्यातल्या जांब समर्थ या गावी राममंदिरातल्या पिढ्यान्‌पिढ्या पुजलेल्या मूर्ती चोरीला गेल्या आणि अख्खं गाव हवालदिल झालं. दोनेक महिन्यांनी मूर्तींचा शोध लागला, तेव्हा कुठे लोकांच्या जिवात जीव आला. घनसावंगी तालुक्यातल्या याच गावात 1608 मध्ये ठोसरांच्या घरी नारायण जन्मला. पुढे हाच नारायण समर्थ रामदास झाला. आणि याच रामदासांनी दासबोध या आपल्या ग्रंथाच्या सहाव्या दशकात, म्हणजे भागात, सरळ विचारलं आहे : दगडाची, मातीची, धातूची मूर्ती तर माणसानंच घडवली; मग ज्यानं हे सगळं जग घडवलं तो मूळ देव कोणता? त्या दशकाचं नावच ‘देवशोधन’ आहे. गावोगाव मारुती बसवणाऱ्या माणसानं हे लिहावं, याचं मला दर वाचनात नव्यानं नवल वाटतं.

दासबोध हा गुरुशिष्यांचा संवाद आहे, आणि त्यातला शिष्य मुळीच मुकाट नाही. वीस दशकांत, दोनशे समासांत म्हणजे प्रकरणांत तो जागोजागी गुरूला अडवतो. ब्रह्म निराकार आहे, त्यात दुसरं काहीच नाही, तर माया आली कुठून? रामदास या शंकेला झिडकारत नाहीत; काही समासांची नावंच ‘आशंका’, ‘संदेहवारण’ अशी आहेत. सगळ्यात धारदार प्रश्न सहाव्या दशकाच्या सातव्या समासात येतो. ज्ञानानं दिसतं ते सारं खोटं ठरलं, तर मग भजन करायचंच कशाला? गुरू आधी गुरुआज्ञेचा दाखला देतो, पण तेवढ्यावर थांबत नाही. तो म्हणतो, ज्ञान झाल्यावरही तू जेवतोस, झोपतोस, आपलं-परकं ओळखतोस. मग सोडायला तुला भजनच तेवढं कसं सापडलं? हे देवाच्या अस्तित्वाचं प्रमाण नव्हे. तर्काच्या शेवटच्या पायरीवर पोचल्यावरही श्रद्धेला जागा उरते, एवढंच ते सांगतं. पण काय ताकदीनं सांगतं!

काळ लक्षात घ्या. 1633 मध्ये रोममध्ये धर्मपीठानं गॅलिलिओला पृथ्वी फिरते हे मत सोडायला लावलं. 1641 मध्ये तत्त्वज्ञ देकार्तचं ‘मेडिटेशन्स’ छापून आलं. शंका घेता येईल ते सगळं बाजूला सारून तो एकटा खात्रीचा पाया शोधत होता. रामदास त्याच शतकातले. त्यांची शंका मात्र एकट्याची नाही, ती दोघांच्या बोलण्यातून पुढे सरकते. ग्रंथाच्या पहिल्याच समासात ते आधाराचे ग्रंथ नावानिशी सांगतात, पण भर देतात तो स्वतःच्या प्रचीतीवर. शास्त्र, गुरू आणि आपला अनुभव, तिन्हींचा मेळ बसला पाहिजे. दहाव्या दशकात तर दाखला वैद्याचा आहे : गुण येत नाही आणि भीडही मोडवत नाही, असा रोगी वाचत नाही.

पाचव्या दशकात मात्र प्रचीतीची ही कसोटी अडखळते. दुसऱ्या समासात ते म्हणतात की शिष्याला साधनेला न लावणारे गुरू कवडीमोलानं मिळाले तरी टाकावेत. आणि त्याच्या आधीच्याच समासात, ब्राह्मण आचारभ्रष्ट असला तरी सर्वांचा गुरू तोच, असं आहे. ब्रह्मज्ञान देणारा सद्गुरू ते वेगळा मानतात, हे खरं. तरीही इथे ना प्रचीत विचारली जाते, ना श्रोता शंका काढतो. देवालासुद्धा शोधून पारखणारा ग्रंथ जन्मानं मिळालेल्या मोठेपणापुढे गप्प बसतो. माझ्या लेखी श्रद्धा आणि पोथीनिष्ठा यांतली सीमा नेमकी इथे आहे : भजनाबद्दल प्रश्न विचारता येतो, जातीबद्दल नाही.

दासबोध घरात असेल तर पाचव्या दशकाचे पहिले दोन समास एका बैठकीत वाचा, आणि दहाव्यातली वैद्याची कसोटी पहिल्या समासालाही लावा.