७६ आसनांची मर्यादा

अमेरिकेत तिकीट डेल्टा किंवा युनायटेडचं असलं, तरी छोट्या शहराकडे जाणारं विमान बरेचदा स्कायवेस्टसारखी दुसरीच कंपनी चालवते. तिथल्या वैमानिकांचा पगार, करार सगळं वेगळं. आपलं काम असं स्वस्तात बाहेर जाऊ नये, म्हणून बड्या कंपन्यांच्या वैमानिक संघटनांनी करारात ‘स्कोप क्लॉज’ घालून घेतला: प्रादेशिक विमानात जास्तीत जास्त ७६ आसनं आणि उड्डाणाचं कमाल वजन ८६,००० पौंड, म्हणजे सुमारे ३९ टन. एम्ब्राएर कंपनीचं इंधन वाचवणारं ई१७५-ई२ विमान नव्या, जड इंजिनांमुळे या वजनात बसेना. अमेरिकी कंपन्या जुनंच ई१७५ घेत राहिल्या. तरीही मला संघटनांची बाजू रास्त वाटते. नोकरीची ही हमी त्यांनी वाटाघाटींतून मिळवली आहे. ती सैल करायची, तर कंपन्यांनी तिचं मोल मोजावं.