विद्युत वाद्यांची अंतर्रचना, लेखांक ६ : जॅझ बेसचे सर्किट

मागील लेखांकात बेस गिटारच्या तारा आणि तिच्या मानेची ठेवण यांचा विचार झाला. या लेखांकात तारेच्या कंपनापासून ॲम्प्लिफायरच्या इनपुटपर्यंतचा विद्युत मार्ग पाहायचा आहे. उदाहरणासाठी फेंडर कंपनीने १९६० साली बाजारात आणलेली ‘जॅझ बेस’ घेतली आहे, कारण दोन पिकअप, दोन व्हॉल्यूम आणि एक टोन ही तिची मांडणी पुढे असंख्य उत्पादकांनी उचलली आणि भारतात विद्यार्थी विकत घेतात त्या स्वस्त बेस गिटारींपैकी अनेकींच्या पोटातही हेच सर्किट असते. आवाज मनासारखा येईनासा झाला की वादक सर्वप्रथम पिकअपला दोष देतो आणि सर्वाधिक पैसा तिथेच घालतो; प्रत्यक्षात पिकअप हा या मार्गातला क्वचितच बिघडणारा भाग आहे, आणि त्याचा आवाज कसा येईल हे त्याच्याइतकेच पुढचे पॉट, केबल आणि इनपुट ठरवतात.

पिकअप म्हणजे चुंबकांभोवती तांब्याच्या तारेचे हजारो वेढे घेऊन केलेली कॉइल. ही तार ४२ गेजची, म्हणजे सुमारे ०.०६ मिलिमीटर जाडीची, साधारण मानवी केसाइतकी असते. गिटारची पोलादी तार चुंबकीय क्षेत्रात कंप पावली की कॉइलमध्ये त्याच कंप्रतेचा, म्हणजे सेकंदाला तितक्याच आंदोलनांचा, अत्यल्प विद्युतदाब निर्माण होतो. जॅझ बेसच्या प्रत्येक पिकअपमध्ये दर तारेला दोन याप्रमाणे आठ चुंबकदंड असतात आणि कॉइलचा रोध, म्हणजे विद्युतप्रवाहाला होणारा अडथळा, साधारण ७ ते ८ किलो-ओहम भरतो. हा आकडा पुढे दोष शोधताना उपयोगी पडतो. मात्र त्यावरून पिकअपचा दर्जा ठरवण्याची विक्रेत्यांची पद्धत निराधार आहे, कारण रोध वाढला म्हणजे आवाज सुधारला असे नसून वेढे वाढल्याने पातळी वाढते आणि वरचे तेज कमी होते, एवढाच त्याचा अर्थ असतो.

एका कॉइलचा पिकअप तारेची हालचाल जशी टिपतो तशी भोवतालच्या वीजजोडणीची आंदोलनेही टिपतो, आणि तीच ‘हम’ नावाने ओळखली जाणारी अखंड घरघर होय. अमेरिकेत घरगुती विजेची कंप्रता ६० हर्ट्झ आहे, जी बेसच्या दोन स्वरांच्या मध्ये पडते. भारतात ती ५० हर्ट्झ आहे, आणि बेसच्या सर्वांत जाड ‘ई’ तारेवर तिसऱ्या फ्रेटला वाजणाऱ्या ‘जी’ स्वराची कंप्रता ४९ हर्ट्झ आहे. म्हणजे इथल्या वादकाच्या वाट्याला येणारा हम एका नित्य वापरातल्या स्वराला जवळजवळ चिकटून बसतो, आणि तो मिक्सरवर छाटून टाकायचा म्हटले तर त्या स्वराचा पायाही त्याच्यासोबत छाटला जातो. म्हणून हा दोष वाद्यातच आवरावा लागतो.

जॅझ बेसच्या रचनेत त्याची निम्मी सोय आधीच केलेली आहे. तिच्या दोन पिकअपांपैकी एकाचे वेढे दुसऱ्याच्या उलट दिशेने घेतलेले असतात आणि त्याच्या चुंबकांची ध्रुवताही उलट असते. हम चुंबकावर अवलंबून नसल्यामुळे तो दोन कॉइलमध्ये परस्परविरुद्ध येऊन नाहीसा होतो, पण तारेचा संकेत मात्र वेढे आणि ध्रुव दोन्ही उलटल्यामुळे दोन्हीकडे एकाच दिशेचा राहतो आणि त्याची बेरीज होते. हे दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडे असतानाच घडते. त्यातला एक जरा मागे घेतला की समतोल मोडतो आणि घरघर परत येते. तरीही वादक तो मागे घेतात, कारण दोन्ही पिकअप समान पातळीवर असताना मधल्या पट्ट्यातले काही उपस्वर एकमेकांना खोडतात आणि आवाज मधे पोकळ वाटतो. बेसवादक जेको पास्टोरियसच्या जॅझ बेसचा गाता, मध्यप्रधान आवाज मुख्यतः ब्रिजजवळच्या पिकअपवर भर दिल्यामुळे आला, हे इथे ध्यानात घेण्यासारखे आहे.

एकच पिकअप बदलणाऱ्याची फसगत होते ती नेमकी इथे. नव्या पिकअपचे वेढे आणि ध्रुव जुन्याशी उलट नसतील, तर वायरी एका पद्धतीने जोडल्यास आवाज भरीव पण हम कायम, आणि उलट जोडल्यास हम नाहीसा पण आवाज पातळ व निर्जीव, असे दोनच पर्याय उरतात. त्यामुळे जॅझ बेससाठी पिकअप घ्यायचेच असतील तर जोडीनेच घ्यावेत, आणि घेण्यापूर्वी दोन्ही जागा मोजाव्यात, कारण मूळ मापात ब्रिजकडचा पिकअप मानेकडच्यापेक्षा किंचित लांब असतो.

पिकअपनंतर येतो पॉट, म्हणजे दांडी फिरवून कमीजास्त करता येणारा रोध. जॅझ बेसमध्ये तिन्ही पॉट २५० किलो-ओहमचे असतात. दोन व्हॉल्यूम पूर्ण उघडे असतात तेव्हा ते समांतर जोडणीत १२५ किलो-ओहमइतके भरतात, आणि वरच्या कंप्रतांसाठी टोनचा पॉटही त्यांना येऊन मिळाल्याने पिकअपवरचा भार सुमारे ८३ किलो-ओहम होतो. हा भार जितका कमी ओहमचा तितके वरचे तेज कमी. ५०० किलो-ओहमचे पॉट बसवल्यावर आवाज कडक वाटतो तो याच कारणाने. पॉटवर छापलेले ‘ए’ हे अक्षर लॉगरिदमिक चढ दाखवते, ज्यात फिरवण्याच्या प्रमाणात कानाला फरक सावकाश जाणवतो, तर ‘बी’ म्हणजे सरळ चढ. चुकीचा पॉट बसला तरी वाद्य वाजते, परंतु सारा फरक बटणाच्या एखाद्या चतुर्थांशात गोळा होतो आणि मधली पातळी साधणे कठीण जाते.

दुरुस्तीत वारंवार होणारी एक चूकही नोंदवली पाहिजे. जॅझ बेसमध्ये पिकअपची गरम वायर, म्हणजे संकेत वाहणारी वायर, व्हॉल्यूम पॉटच्या मधल्या टोकाला आणि पुढे जाणारी वायर बाजूच्या टोकाला जोडलेली असते. साध्या गिटारींच्या नेहमीच्या जोडणीपेक्षा हे उलट आहे आणि ते हेतुपूर्वक आहे: असे केल्याने एक व्हॉल्यूम शून्यावर नेला तरी दुसरा पिकअप वाजत राहतो. कारागिराने सवयीने टोके अदलाबदल केली, की कोणतेही एक बटण बंद केल्यावर सारे वाद्यच मुके होते आणि ग्राहकाला पिकअप गेल्याची शंका येते.

टोनच्या पॉटवर एक कपॅसिटर असतो, जो उच्च कंप्रता जमिनीकडे, म्हणजे सर्किटच्या सामाईक शून्याकडे, वळवतो आणि खालच्या कंप्रता तशाच पुढे जाऊ देतो. नेहमीचे मूल्य ०.०४७ मायक्रोफॅरड असून त्यावर ‘४७३’ हा संकेतांक छापलेला असतो. ‘२२३’ म्हणजे ०.०२२ आणि ‘१०४’ म्हणजे ०.१ मायक्रोफॅरड. मूल्य वाढेल तसा टोन बंद केल्यावरचा आवाज अधिक मऊ आणि दबका होतो. कागद-तेलाच्या जुन्या कपॅसिटरसाठी मोठ्या किमती मागितल्या जातात, पण पिकअपमधून येणाऱ्या एवढ्याशा विद्युतदाबाला मूल्य समान असताना साध्या फिल्म कपॅसिटरपेक्षा त्यातून काही वेगळे लाभत नाही, असेच म्हणावे लागते.

इथवरचे भाग वाद्याच्या आत असतात, पण सर्किट जॅकपाशी, म्हणजे केबल लावायच्या खाचेपाशी, संपत नाही. केबलच्या गाभ्यातली वायर आणि तिच्याभोवतीची जाळी मिळून स्वतःच एक छोटा कपॅसिटर बनतात, त्यामुळे लांब केबल आवाजाचे तेज हलके हलके खाते. त्याहून मोठा परिणाम इनपुटच्या इम्पीडन्सचा, म्हणजे येणाऱ्या संकेताला तिथे भेटणाऱ्या रोधाचा होतो. बेस ॲम्प्लिफायरचा इनपुट साधारण १ मेगा-ओहमचा असल्यामुळे पिकअपवर त्याचा भार पडत नाही. मिक्सरचा लाइन इनपुट मात्र बहुधा १० किलो-ओहमच्या आसपास असतो, आणि बॅटरी नसलेली बेस थेट त्यात लावली की पातळीही पडते आणि आवाजही गुदमरतो. गणेशोत्सवातल्या किंवा गॅदरिंगच्या मंचावर बेस ‘दबलेली’ येते, त्याचे कारण पुष्कळदा एवढेच असते, आणि त्यावरचा उपाय नवे पिकअप नसून डीआय बॉक्स हा आहे. हा डबा संकेत उच्च इम्पीडन्सवर घेतो आणि मिक्सरला मानवेल अशा रूपात पुढे देतो. डेट्रॉइटच्या मोटाउन स्टुडिओत जेम्स जेमर्सनने १९६२ ची साधी प्रिसिजन बेस, वर्षानुवर्षे न बदललेल्या सपाट वेढ्याच्या तारांसह, ॲम्प्लिफायरशिवाय थेट ध्वनिमुद्रण कन्सोलकडे दिली आणि बेसवादनाचा मानदंड ठरलेला आवाज त्यातूनच घडला.

दोष शोधण्यासाठी वाद्य उघडण्यापूर्वी एक चाचणी करावी. केबलचे एक टोक बेसमध्ये लावून दुसऱ्या टोकाच्या टिपवर आणि बाहीवर मल्टिमीटरच्या पिना टेकवाव्यात आणि रोध वाचावा. एक व्हॉल्यूम पूर्ण आणि दुसरा शून्यावर असताना ७ ते ८ किलो-ओहमच्या जवळपास आकडा आला, तर तो पिकअप, त्याचा पॉट, जॅक आणि केबल सारे जोडलेले आहे. आकडा सव्वाशे किलो-ओहमच्या आसपास आला, तर मीटरला फक्त दोन पॉट दिसत आहेत, म्हणजे त्या पिकअपची कॉइल किंवा तिची वायर तुटली आहे. अनंत रोध दिसला तर जॅक किंवा केबल तुटलेली, आणि शून्य दिसले तर कुठेतरी गरम वायर जमिनीला टेकलेली असते. दोन्ही व्हॉल्यूम उघडे ठेवल्यावर आकडा निम्म्यावर येतो. या चाचणीतून बाहेर येणारा सर्वसामान्य अपराधी म्हणजे जॅक: त्याचा नट सैल होतो, केबल लावताना जॅक जागेवर फिरतो आणि आतली वायर पिळून तुटते. नट वेळीच आवळला तर हा खर्च होतच नाही.

सुट्या भागांसाठी मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि पुण्यात बुधवार पेठ या बाजारांत कपॅसिटर, वायर, डाख आणि फ्लक्स उत्तम मिळतात. पॉटच्या बाबतीत मात्र माप तपासूनच घ्यावे, कारण अमेरिकी मापाच्या पॉटला साधारण ९.५ मिलिमीटरचे छिद्र लागते, तर आशियाई बनावटीच्या वाद्यांची छिद्रे बहुधा त्याहून लहान असतात, आणि मोठे छिद्र पाडताना रंग उडतो. डाख देताना पॉटची पाठ सँडपेपरने जराशी खरवडून घ्यावी, पुरेशा वॉटचा सोल्डरिंग आयर्न थोडा वेळच टेकवावा, आणि डाख आयर्नवर नव्हे तर तापलेल्या धातूवर वितळू द्यावी. कमी वॉटचा आयर्न फार वेळ धरल्याने पॉट आतून भाजतो. सर्किटच्या पोकळीत तांब्याची चिकट पट्टी लावून ती जमिनीशी जोडली की बाहेरचा बराचसा विद्युत गोंगाट अडतो. कोकण आणि गोव्याच्या दमट हवेत जॅकच्या आणि पॉटच्या संपर्कांवर हिरवट थर चढून खरखर सुरू होते. तिथे इलेक्ट्रॉनिक संपर्कांसाठीचाच स्प्रे वापरावा, बिजागरीला लावायचे तेल नव्हे.

ॲक्टिव्ह बेस म्हणजे पोटात बॅटरीवर चालणारा लहान प्रिॲम्प्लिफायर असलेली बेस. म्युझिक मॅनच्या १९७६ च्या स्टिंगरेने ही पद्धत सर्वदूर नेली, आणि बेसवादक मार्कस मिलरच्या १९७७ च्या जॅझ बेसमध्ये न्यूयॉर्कच्या रॉजर सॅडोव्स्कीने असा प्रिॲम्प बसवल्यापासून जुन्या जॅझ बेसमध्येही तो बसवण्याची प्रथा रूढ झाली. लांब केबल आणि अनोळखी मिक्सर वाट्याला येणाऱ्या वादकाला त्याचा खरा लाभ होतो. अशा बेसमध्ये केबल जॅकमध्ये घातल्यावरच बॅटरीचे सर्किट पूर्ण होते, त्यामुळे वादन संपल्यावर केबल लावून ठेवली तर ९ व्होल्टची बॅटरी पडल्या पडल्या उतरते. जोराने छेडलेले स्वर आधी फाटू लागले की ती बदलायची वेळ झाली असे समजावे.

अखेरचा मुद्दा जिवाशी निगडित आहे. बेसच्या तारा ब्रिजखालच्या वायरीने जमिनीशी, ती केबलच्या जाळीतून ॲम्प्लिफायरच्या सांगाड्याशी आणि सांगाडा तीन पिनांच्या प्लगमधून इमारतीच्या अर्थिंगशी जोडलेला असतो. तारांना हात लावल्यावर घरघर कमी होते ती यामुळेच; उलट वाढली तर जॅकच्या दोन वायरी अदलाबदल झाल्या आहेत असे समजावे. हम घालवण्यासाठी प्लगची मोठी पिन काढून टाकण्याची किंवा दोन पिनांचा जोड वापरण्याची वाईट सवय मंचांवर दिसते. तसे केल्यावर ॲम्प्लिफायरमध्ये बिघाड झाला तर त्याचा सांगाडा आणि त्याच्याबरोबर तारा विद्युतभारित होतात, आणि वादकाने दुसऱ्या हाताने किंवा ओठांनी माइकला स्पर्श करताच प्रवाह त्याच्या शरीरातून जातो. स्टोन द क्रोज या वृंदाचा गिटारवादक लेस हार्वे ३ मे १९७२ रोजी वेल्समधील स्वान्सी येथे मंचावर अर्थिंग नसलेल्या माइकला स्पर्श झाल्याने मरण पावला. दोन उपकरणांच्या अर्थिंगमुळे हम येत असेल, तर ॲम्प्लिफायर आणि मिक्सर एकाच बोर्डावर लावावेत. तेवढ्याने भागले नाही तर डीआय बॉक्सवरचा ग्राउंड-लिफ्टचा खटका वापरावा, जो केवळ संकेताच्या केबलची जमीन तोडतो आणि विजेच्या अर्थिंगला हात लावत नाही. मंचावर वाद्य जोडण्यापूर्वी सॉकेट टेस्टरने अर्थिंग तपासावे, आणि ते नसेल तर कार्यक्रम उशिरा सुरू करावा.