कोराडीचा उन्हाळा आणि मोजून प्यायचं पाणी

मे महिन्यात दुपारी बारानंतर नागपूरजवळच्या कोराडीच्या रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही. नागपूरचा पारा पंचेचाळिशीला टेकला तर इथे कोणी दचकत नाही. २३ मे २०१३ ला तो ४७.९ अंशांवर गेला होता. अशा दिवसांत हार्ट फेल्युअरच्या रुग्णाला मात्र बरेचदा बजावलेलं असतं : पाणी दिवसाला दीड लिटर, वर घोटभरही नाही. घरातलं कोणीतरी सकाळीच बाटली मोजून भरून ठेवतं. शिवाय सकाळची लघवीची गोळी असतेच. दिवस माठाकडे बघत काढायचा.

या सल्ल्यामागचा तर्क सरळ आहे. हार्ट फेल्युअरमध्ये हृदय बंद पडत नाही, ते शरीराच्या गरजेला पुरे पडेनासं होतं. मूत्रपिंडांकडे रक्त कमी पोचलं की अंगातलं पाणीच आटलं असा त्यांचा समज होतो आणि ती मीठ-पाणी धरून ठेवतात. मग नडगीवर अंगठा दाबला की खड्डा पडतो, आडवं झालं की दम लागतो, रात्री एका उशीच्या दोन उशा होतात. पाणी साचतंय, तर पाणी कमी प्या.

पण या आजारात तर्काने डॉक्टरांना अनेकदा तोंडघशी पाडलंय. हृदय दुबळं आहे, तर ते जोराने आकुंचन पावेल असं औषध द्यावं, हे कोणालाही पटेल. मिलरिनोन हे तसंच औषध. त्याच्या गोळीची हजाराहून अधिक रुग्णांवर चाचणी झाली. १९९१ साली निकाल आला तेव्हा गोळी घेणाऱ्यांतच मृत्यू जास्त निघाले. उलट हृदयाची गती कमी करणारी बीटा-ब्लॉकर औषधं आधी या रुग्णांना वर्ज्य मानली जात. १९९९ मधल्या दोन मोठ्या चाचण्यांनी दाखवलं की ती जीव वाचवतात. कोण बरोबर, हे ज्येष्ठतेवर ठरलं नाही. एका गटाला औषध, दुसऱ्याला तशीच दिसणारी बिनऔषधी गोळी, आणि कोणाला काय मिळालं हे रुग्ण-डॉक्टर दोघांनाही ठाऊक नाही, अशा खटाटोपातून ते ठरलं.

पाण्याची पाळी आली ती अगदी अलीकडे. नेदरलँड्समध्ये प्रकृती स्थिर असलेल्या ५०४ रुग्णांपैकी निम्म्यांना दीड लिटरची मर्यादा घातली, निम्म्यांना मोकळीक दिली. २०२५ मध्ये निकाल आला : मोकळीक मिळालेल्यांचं काही बिघडलं नाही आणि तहानेचा जाच कमी झाला. गंमत म्हणजे मोकळीक असूनही ही मंडळी सरासरी पावणेदोन लिटरच प्यायली.

म्हणजे नेदरलँड्समध्ये. कोराडीत मे महिन्यात मोकळीक म्हणजे किती लिटर? घामावाटे मीठ-पाणी जातंय, वरून लघवीची गोळी चालू आहे, अशा वेळी रक्तदाब आणि सोडियम घसरून माणूस चक्कर येऊन पडू शकतो. गोळीचा डोस उन्हाळ्यापुरता कमी करावा का? अनुभवी डॉक्टर आपापल्या अंदाजाने तो कमी-जास्त करतात. अंदाज चुकीचाच असतो असं नाही, पण मिलरिनोनही अंदाजानेच चांगलं वाटलं होतं. (हा लेख वाचून कोणी आपल्या मनाने पाणी वा गोळी बदलू नये, हे सांगायलाच हवं.)

आपले रुग्ण तिकडच्यासारखे नाहीत, हेही आता आकड्यांत आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) मदतीने देशातल्या ५३ रुग्णालयांतून १०,८५१ रुग्णांची राष्ट्रीय नोंद झाली. त्यांचं सरासरी वय साठच्या आसपास. पाश्चात्त्य देशांत ते सत्तरीत असतं. ज्यांच्या हृदयाची आकुंचनशक्ती घटली होती, त्यांतल्या निम्म्याहून कमी जणांना शिफारस केलेली औषधं पुरती मिळत होती. ९० दिवसांत सातातला एक दगावला.

उन्हाळ्यातल्या पाण्याची चाचणी कोण करणार? नव्या औषधाच्या चाचणीमागे कंपनी उभी राहते, कारण पुढे औषध विकायचं असतं. पाणी आणि जुनी स्वस्त गोळी यांत कोणाचा नफा? इथे पैसा सरकारचा, विद्यापीठांचा किंवा देणगीदारांचाच लागेल. आपल्याकडे देणगी इमारतीला आणि यंत्राला सहज मिळते, कारण त्यावर पाटी लावता येते. चाचणीला लागतात त्या बिनपाटीच्या गोष्टी : घरोघरी सारखे वजनकाटे, ठरावीक दिवसांनी सोडियम-पोटॅशियम-क्रिएटिनिनची तपासणी, कोराडीहून नागपूरच्या मेडिकल कॉलेजला जायचं भाडं, सोबत येणाऱ्या मुलाचा बुडालेला रोज आणि वजन दोन दिवसांत दोन किलो वाढलं तर लगेच फोन उचलणारी नर्स.

आणि विश्वास. 'आपल्यावर प्रयोग करतात' ही भीती निराधार नाही. देशात तशी प्रकरणं घडली आहेत. २०१९ च्या नियमांनुसार नव्या औषधांच्या चाचण्यांवर लक्ष ठेवणाऱ्या नैतिकता समितीत निम्मे सदस्य संस्थेबाहेरचे हवेत आणि एक तरी सामान्य माणूस हवा. पाण्याच्या चाचणीलाही समितीची संमती लागेलच. त्यातल्या सामान्य माणसाच्या खुर्चीवर उन्हाळ्यात रुग्ण सांभाळलेली एखादी गृहिणी बसली, तर संमतीपत्रातलं मराठी तरी सुधारेल. रुग्णांची नोंदणी मात्र होळीच्या आतच उरकावी लागेल, एप्रिल उजाडला की विदर्भ कोणासाठी थांबत नाही.