कंट्री हाउसचा मालक आणि त्याचे गाव: मिल्टन ॲबसचे उदाहरण

इंग्लंडच्या डॉर्सेट परगण्यात मिल्टन ॲबस नावाचे गाव आहे. एकच उतरता रस्ता, दोन्ही बाजूंना गवताने शाकारलेली पांढरी, जवळजवळ एकसारखी घरे आणि त्यांच्यापुढे हिरवळ. पर्यटक त्याची छायाचित्रे काढतात. पण ही घरे इतकी एकसारखी का? गाव हळूहळू वाढते तेव्हा असे होत नाही. हे गाव एका माणसाच्या इच्छेने वसवले गेले.

मालकाची सत्ता कशात होती?

कंट्री हाउस म्हणजे केवळ मोठा बंगला नव्हे. त्याच्याभोवतीची शेती, जंगल आणि बऱ्याचदा गावातील घरेही त्याच मालकाची असत. आपल्याकडचा बंगालचा जमीनदार सरकारसाठी सारा वसूल करी. इंग्लंडमधला मालक स्वतःच्या जमिनीचे भाडे घेई. त्याची सत्ता मुख्यतः तीन गोष्टींवर उभी होती:

1. भाडेपट्टा: घर आणि शेत कोणाला द्यायचे हे तो ठरवी.
2. चर्च: अनेक गावांत धर्मगुरू नेमण्याचा हक्क त्याच्याकडे असे.
3. न्याय आणि राजकारण: स्थानिक दंडाधिकारी बहुधा याच वर्गातून येत. 1872 पर्यंत संसदेच्या निवडणुकीत मतदान उघड होते. त्यामुळे मताचा हक्क असलेल्या कुळाने कोणाला मत दिले, हे मालकाला कळे.

मिल्टनमध्ये काय घडले?

जोसेफ डेमर याने 1752 मध्ये मिल्टन ॲबीची मालमत्ता विकत घेतली. पुढे तो लॉर्ड मिल्टन झाला. जुन्या मठाच्या चर्चला लागूनच बाजार, शाळा आणि दारूचे गुत्ते असलेले एक जुने गाव होते. डेमरला घराभोवती मोकळे, निसर्गरम्य उद्यान हवे होते. गाव त्याच्या आड येत होते.

त्याने ते एका दिवसात पाडले नाही. अनेक भाडेपट्टे ठरावीक व्यक्तींच्या हयातीपुरते असत. ते जसजसे संपले किंवा विकत घेता आले, तसतशी घरे पाडली गेली. उद्यानरचनाकार 'केपेबिलिटी' ब्राऊन आणि वास्तुरचनाकार विल्यम चेंबर्स यांच्या साहाय्याने शेजारच्या दरीत नवे गाव उभे राहिले. तेथे प्रत्येकी दोन कुटुंबांसाठी आखलेली 36 घरे होती. जुन्या गावातील वृद्धाश्रमाची इमारत तेथे आणून पुन्हा उभारली गेली, आणि 1786 मध्ये नवे चर्च झाले. शाळा मात्र गावाबाहेर गेली. 1785 च्या संसदेच्या कायद्याने ती ब्लॅनफर्डला हलवण्यात आली.

हॅरिसन नावाच्या वकिलाने आपला पट्टा सोडण्यास नकार दिला. डेमरने तलावाचे दार उघडून त्याच्या घरात पाणी सोडले, हॅरिसन न्यायालयात गेला आणि जिंकला, असे तिथे आजही सांगतात. या हकिगतीवरून मालकाच्या सत्तेची मर्यादा दिसते: लेखी पट्टा ज्याच्या हाती, त्याला हुसकावणे अवघड. ज्याच्याकडे असा पट्टा नव्हता, त्याला जावे लागले.

इतिहास कोणाच्या बाजूने लिहिला जातो?

मालकाच्या दप्तरात नकाशे, हिशेब, पत्रव्यवहार आणि वास्तूंचे आराखडे जपले जातात. कुळाचे म्हणणे क्वचितच कागदावर उतरते. म्हणून स्थानिक इतिहास वाचताना मालक कधी 'गाव वसवणारा' तर कधी 'गाव उठवणारा' दिसतो. मिल्टनमध्ये दोन्ही वर्णने एकाच माणसाला लागू पडतात. नवी घरे त्याने बांधली हे खरे. राहायचे कुठे, हे रहिवाशांना ठरवू दिले नाही, हेही खरे.

म्हणून केवळ मालकाच्या कागदांवर थांबू नका. भाडेपट्ट्यांच्या तारखा, चर्चमधील जन्म-मृत्यूच्या नोंदी, न्यायालयीन निकाल आणि लोकांच्या तोंडी असलेल्या हकिगती शेजारी ठेवून पाहा. जिथे त्या एकमेकींशी जुळत नाहीत, तिथे प्रश्न विचारायला सुरुवात करा.

स्वाध्याय

1. भाडेपट्ट्याच्या मुदतीमुळे गाव पाडण्याचा वेग कसा ठरला?
2. शाळा गावाबाहेर गेल्याने कोणत्या कुटुंबांचे अधिक नुकसान झाले असेल? कारणे द्या.
3. तुमच्या परिसरातील एखाद्या जुन्या वास्तूची माहिती कोणी लिहून ठेवली आहे? कोणाचे म्हणणे त्यात नाही?