जव्हार-मोखाड्यातील नृत्यसंगीत : रचना आणि कालमान

नृत्यासाठी वाजविल्या जाणाऱ्या संगीताची लांबी कशावरून ठरते, हा प्रश्न वरवर पाहता किरकोळ वाटण्याजोगा आहे. गाणे तीन मिनिटांचे असावे की दहा मिनिटांचे, ही कलावंताच्या अथवा श्रोत्याच्या आवडीची बाब होय, असे सामान्यतः गृहीत धरले जाते. परंतु पालघर जिल्ह्यातील जव्हार व मोखाडा या दोन तालुक्यांमधील नृत्यसंगीताचा विचार केला असता हे गृहीत टिकत नाही. येथे लांबीच्या प्रश्नामागे दुसरा व अधिक मूलगामी प्रश्न उभा असलेला दिसतो. एक चाल संपून दुसरी सुरू होते तेव्हा त्या दोहोंमधील सांधा कोण जोडतो, हा तो प्रश्न होय. सांधा जोडणारा बदलला की रचना बदलते, आणि रचना बदलली की कालमान बदलते, हे प्रस्तुत विवेचनाचे सूत्र आहे.

जव्हार हे मुकणे घराण्याचे संस्थान होते. इ. स. १९४८ मध्ये ते मुंबई प्रांतात विलीन होऊन ठाणे जिल्ह्याचा भाग बनले. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन झाल्यापासून जव्हार व मोखाडा हे तालुके पालघर जिल्ह्यात मोडतात. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी आदी आदिवासी समाज येथे बहुसंख्य आहेत. डोंगरउतारावरील नाचणी व वरी आणि खाचरांतील भात यांवर येथील वर्षचक्र आधारलेले असून नृत्याचा हंगामही त्याच चक्राशी बांधलेला आहे. नवे धान्य घरात आल्यानंतर, दिवाळीच्या सुमारास, तारप्याच्या नाचाला भर येतो.

वाद्याची घडण

तारपा हे फुंकून वाजवावयाचे वाद्य आहे. वाळलेला दुधी भोपळा हा त्याचा वातकोश. त्यात दोन नळ्या मेणाने घट्ट बसविलेल्या असतात; प्रत्येक नळीत कंप पावणारी जिभळी असते आणि नळ्यांवरील छिद्रांवर बोटे फिरवून चाल काढली जाते. नळ्यांच्या टोकाशी ताडाच्या पानांचा गुंडाळलेला लांबट कर्णा असतो व त्यामुळे नाद दूरवर पोहोचतो. वादक गालांत हवा साठवून ती भोपळ्यात सोडीत असतानाच नाकाने श्वास घेतो. परिणामी वाद्याचा नाद श्वासासाठी खंडित होत नाही. सनई अथवा पुंगी वाजविणारेही याच युक्तीचा अवलंब करतात.

ही बाब केवळ तांत्रिक नाही. कंठसंगीतात श्वास हाच चरणाची मर्यादा ठरवितो. जेथे श्वास संपतो तेथे ओळ संपते. तारप्याला ही मर्यादा नाही. त्याच्या संगीतात स्वाभाविक असा शेवट वाद्याच्या अंगी नसतोच. शेवट करावयाचा तर तो वादकाने अथवा नर्तकांनी ठरवावा लागतो. शिवाय दोन-तीन वादक आलटून पालटून वाजवीत असल्याने एका माणसाच्या दमाची मर्यादाही उरत नाही. नाच रात्रभर चालू शकतो, याचे कारण येथे आहे.

रात्रभराची रचना

तारपावादकाभोवती स्त्री-पुरुष एकमेकांच्या कमरेभोवती हात गुंफून फेर धरतात. फेराच्या अग्रभागी असलेल्या नर्तकाच्या हाती घुंगरकाठी असते व तिच्या आघाताने पावलांची लय राखली जाते. वादक वळेल तसा फेर वळतो. तारप्याकडे पाठ करावयाची नाही, असा संकेत आहे. वारली चित्रांतून जगभर परिचित झालेली नर्तकांची सर्पिल रांग ही याच फेराची आकृती होय.

अशा नाचात चाली अनेक असतात. देवकार्याच्या चाली निराळ्या, नाचाच्या निराळ्या. परंतु श्रोत्याला ज्या अर्थाने ‘एक गाणे’ अभिप्रेत असते, त्या अर्थाचा एकक येथे सापडत नाही. एक चाल पुनःपुन्हा फिरविली जाते. तिची आवर्तने किती व्हावीत, हे आधी ठरलेले नसते. पावले स्थिरावली, फेर दाट झाला किंवा दमून सैल पडला, कोणी नव्याने येऊन मिळाले, यांपैकी जे घडेल ते पाहून वादक सूर बदलतो. बदललेल्या सुरावरून अग्रभागीचा नर्तक फेराची दिशा किंवा पावलांचा घाट बदलतो आणि मागची रांग त्याला अनुसरते. या संक्रमणात काही क्षण जुनी पावले व नवी चाल एकत्र नांदतात. वादकाचे खरे कसब चाली माहीत असण्यात जेवढे आहे, तेवढेच हा सांधा कळू न देता जोडण्यात आहे.

मोखाडा व जव्हार येथील बोहाडा या मुखवट्यांच्या उत्सवाशी तुलना केल्यास हा विशेष अधिक स्पष्ट होतो. बोहाड्यात देवदेवतांची व राक्षसांची सोंगे मशालींच्या उजेडात, संबळ-सनईच्या साथीवर, एकामागून एक नाचत येतात. हाही रात्रभराचा सोहळा आहे. पण त्याची रचना तुकड्यांची आहे. सोंग निघते, नाचत वाट चालते आणि परत फिरते. तेवढे त्याचे संगीत. म्हणजे एकाच प्रदेशात कालमानाची दोन तत्त्वे नांदताना दिसतात. बोहाड्यात प्रत्येक भागाला सोंगाच्या येण्याजाण्याने सीमा पडते, तर तारप्याच्या नाचात सीमा पुसून टाकणे हेच कौशल्य ठरते.

तबकडी आणि रंगमंच

भारतात व्यापारी ध्वनिमुद्रणास इ. स. १९०२ मध्ये कलकत्त्यास आरंभ झाला. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटांचेच ध्वनिमुद्रण मावत असे. तासभर विस्तारणारा राग या चौकटीत बसविताना गायकांना आलाप आखडून बंदिशीवर भर द्यावा लागला, हे संगीताच्या अभ्यासकांना ज्ञात आहे. तारप्याच्या संगीतावर अशीच मर्यादा आली ती मुख्यतः रंगमंचावाटे. इ. स. १९५३ पासून दिल्लीत प्रजासत्ताक दिनानिमित्त लोकनृत्यांचा महोत्सव भरू लागला. महोत्सवाच्या कार्यक्रमपत्रिकेत अनेक प्रांतांची नृत्ये एका संध्याकाळी सादर व्हावयाची असल्याने प्रत्येक पथकाच्या वाट्याला थोडीच मिनिटे येणे अपरिहार्य होते. पुढे हाच नमुना जिल्ह्याजिल्ह्यांतील स्पर्धा, शाळांची स्नेहसंमेलने व पर्यटकांसाठीचे कार्यक्रम यांनी उचलला.

या संक्षेपाने केवळ वेळ कमी झाला असे नव्हे. मंचावरील नृत्याला प्रवेश हवा, चढती लय हवी आणि टाळ्या घेणारा शेवट हवा. त्यासाठी दोन-तीन चाली आधीच निवडल्या जातात व त्यांची आवर्तने मोजून बसविली जातात. बदल केव्हा होणार हे नर्तकांना पूर्वीच ठाऊक असल्याने वादकाच्या सुराकडे लक्ष ठेवण्याची त्यांना निकड उरत नाही. वादकालाही फेर न्याहाळून निर्णय घ्यावा लागत नाही. प्रेक्षक एकाच बाजूस बसलेले असल्याने फेराचे मुखही त्यांच्याकडे वळते. चाल तीच, वाद्य तेच. परंतु सांधा जोडण्याचा अधिकार वादकाकडून निघून तालमीकडे गेलेला असतो.

यंत्राचा सांधा : हार्डकोअरचे उदाहरण

दुसरे स्थित्यंतर ध्वनिक्षेपकाने घडविले. इ. स. १९८० नंतर ध्वनिफिती स्वस्त झाल्या आणि प्रादेशिक गीतांची बाजारपेठ वाढली. आज या भागातील लग्नांत ‘डीजे’ ही संस्था रूढ झाली असून विजेच्या की-बोर्डवर काढलेल्या तारप्याच्या सुरावटी यांत्रिक ठेक्यावर नाचासाठी वाजतात. डीजे ज्या परंपरेतून आला त्या पाश्चात्त्य नृत्यसंगीताचा इतिहास येथे उद्बोधक ठरतो.

इ. स. १९७६ मध्ये अमेरिकेत नृत्यगृहांसाठी तयार झालेली बारा इंची तबकडी सर्वसामान्य विक्रीस आली. मूळचे तीन-चार मिनिटांचे गाणे तीवर नऊ मिनिटांपर्यंत ताणलेले होते. पुढे १९९० नंतरच्या दशकात हॉलंडमधील रॉटरडॅम येथे ‘हार्डकोअर’ नावाचा अतिद्रुत प्रकार बहरला. मिनिटाला १६० वा त्याहून अधिक ठोके हे त्याचे लक्षण. या रचनांच्या आरंभी व अखेरीस नुसत्या ठेक्याचे लांबलचक भाग ठेवण्याची रीत होती. एकट्याने ऐकणाऱ्यास ते भाग नीरस वाटतील. परंतु ते त्याच्यासाठी नव्हतेच. चालू तबकडीच्या शेपटीवर नव्या तबकडीचा आरंभ बसविता यावा, म्हणून डीजेसाठी राखलेली ती जागा होती. अशी रचना स्वतः पूर्ण नसे. रात्रभराच्या प्रवाहात जोडली गेल्यावरच ती पूर्ण होई.

संगणकीय साधने आल्यावर दोन ठेके जुळविण्याचे काम यंत्र करू लागले. संगीत आंतरजालावरून ऐकले जाऊ लागल्यावर तर आर्थिक हिशेबही पालटला. स्पॉटिफायसारख्या सेवेत ३० सेकंद ऐकले गेले की एक श्रवण मोजले जाते. रचना सहा मिनिटांची असली म्हणून अधिक मोबदला मिळत नाही. साहजिकच प्रारंभ आखूड झाले, मुख्य आघात लवकर येऊ लागला आणि पाच-सहा मिनिटांच्या रचनांच्या जागी तीन मिनिटांच्या आसपासच्या रचना रूढ होऊ लागल्या. रॉटरडॅमचा डीजे आणि जव्हारचा तारपावादक यांच्यात इतिहासाचे कोणतेही नाते नाही. तरीही दोघांच्या कलेचे मर्म एकाच ठिकाणी होते व दोघांच्याही बाबतीत तेच प्रथम अनावश्यक ठरले, हे साम्य लक्षणीय आहे.

आजची परिस्थिती आणि अभ्यासाची दिशा

कालमानावर संगीताबाहेरील कारणांचाही दाब असतो. ध्वनिप्रदूषण नियम, २००० अन्वये रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक वाजविण्यास मनाई आहे. काही ठरावीक दिवशी मध्यरात्रीपर्यंत सवलत देता येते. त्यामुळे डीजेचा नाच संध्याकाळी सुरू होऊन घड्याळाबरोबर संपणारा असतो. याहून गंभीर कारण स्थलांतराचे. खरिपाचे काम आटोपताच, दिवाळीच्या पुढे-मागे, जव्हार-मोखाड्यातील अनेक कुटुंबे वीटभट्ट्या व बांधकामे यांवरील मजुरीसाठी भिवंडी, वसई अशा भागांकडे जातात. ज्या आठवड्यांत रात्री नाचाच्या असावयाच्या त्याच आठवड्यांत पाडे रिकामे होतात. नाच आखूड झाला तो सर्वस्वी रुची बदलल्यामुळे, असे म्हणणे म्हणूनच अपुरे आहे. रात्रभर जागण्यास गावात माणसेच उरत नाहीत, हेही त्याचे कारण आहे.

या परंपरेची दखल घेतली गेलेली नाही असे नाही. जव्हार तालुक्यातील वाळवंडा येथील वयोवृद्ध तारपावादक भिकल्या लाडक्या धिंडा यांना इ. स. २०२६ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. परंतु सन्मान व्यक्तीचा होतो. सांधा जोडण्याची विद्या जेथे शिकली जाते ती दीर्घ रात्र सन्मानाने परत येत नाही. नवशिक्याला चाली घरी बसूनही शिकता येतात, भ्रमणध्वनीवरील ध्वनिचित्रफितीवरूनही शिकता येतात. फेर दमला आहे हे ओळखून योग्य क्षणी सूर पालटणे मात्र दमलेला फेर समोर असल्याखेरीज शिकता येत नाही.

अभ्यासकांच्या दृष्टीने यातून एक व्यावहारिक निष्कर्ष निघतो. चाली सुट्या करून, प्रत्येकीचे दोन-तीन मिनिटांचे ध्वनिमुद्रण घेऊन त्यांची सूची करणे सोयीचे आहे. परंतु अशी सूची तारप्याच्या संगीताला आधीच मंचावरील तुकड्यांच्या रूपात स्वीकारते. आवश्यकता आहे ती संपूर्ण रात्रीच्या अखंड ध्वनिमुद्रणाची, आणि त्यासोबत फेरात किती माणसे होती, वादक केव्हा बदलला, सूर पालटण्यापूर्वी पावलांत काय घडले, यांच्या वेळेसह केलेल्या नोंदींची. चालींचा संग्रह पुढेही करता येईल, कारण त्या यंत्रावर का होईना वाजत राहणार आहेत. दोन चालींमधील काही क्षणांची नोंद मात्र, रात्रभर वाजविलेले वादक हयात आहेत तोवरच होऊ शकते.