राष्ट्रपती कोण व्हावा? परंपरा मानणाऱ्या तरुणांचे काही गैरसमज

राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांची मुदत २४ जुलै २०२७ रोजी संपते. त्याआधी नवा राष्ट्रपती निवडावा लागेल. नावं तर आत्ताच घेतली जातात. देव-धर्म, घराची रीत, शिस्त आणि निर्व्यसनीपणा मानणारी, स्वतःला उजव्या विचारांची म्हणवणारी तरुण मुलं गावोगावी आहेत. पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीसारख्या गावात तर या गोष्टी गावाच्या व्यवहाराचाच भाग झाल्या. या मुलांना राजकारणाची आस्था आहे आणि ती मला मोलाची वाटते. म्हणूनच त्यांच्या चर्चेत शिरलेल्या काही चुकीच्या समजुती दूर व्हायला हव्यात.

गैरसमज : परंपरा मानणारा तरुण अमुक एका पक्षाचाच असतो.

राळेगणसिद्धीकडेच बघा. १९७५ मध्ये सैन्यातून परतलेल्या अण्णा हजारे यांनी कामाला सुरुवात केली ती संत यादवबाबांच्या पडक्या मंदिराच्या जीर्णोद्धारापासून. पुढे दारूबंदी, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, श्रमदान हे सगळं देवळाच्या आवारात, ग्रामसभेत आणि तरुण मंडळाच्या बळावर उभं राहिलं. नैतिक धाक इतका, की दारू पिणाऱ्यांना खांबाला बांधून मारल्याचं अण्णांनी स्वतः मुलाखतींत सांगितलं आहे. तो मार्ग मला पटत नाही. माणसाला मारून सुधारण्याचा अधिकार कुठल्याच गावाला नाही. पण परंपरेच्या आधारानं गाव बांधायचा हा प्रयोग होता, हे नाकारता येत नाही.

हेच अण्णा शिवसेना-भाजप युतीच्या राज्यात शशिकांत सुतार आणि महादेव शिवणकर या मंत्र्यांविरुद्ध उभे राहिले. २००३ मध्ये काँग्रेस-राष्ट्रवादी सरकारमधल्या चार मंत्र्यांविरुद्ध उपोषणाला बसले. २०११ मध्ये दिल्लीत मनमोहनसिंग सरकारसमोर लोकपालाची मागणी घेऊन गेले आणि २०१९ च्या सुरुवातीला मोदी सरकारच्या काळात पुन्हा गावातच उपोषणाला बसले. अण्णांची भूमिका पटो न पटो, राहणीत जुनं वळण जपणारा माणूस मत देताना कुणाच्या दावणीला बांधलेला नसतो, एवढं यातून दिसतं.

गैरसमज : राष्ट्रपती लोक निवडतात. नाहीतर पंतप्रधान नेमतात.

दोन्ही चूक. राज्यघटनेच्या ५४ व्या कलमानुसार संसदेच्या दोन्ही सभागृहांतले निवडून आलेले खासदार आणि विधानसभांचे निवडून आलेले आमदार राष्ट्रपती निवडतात. दिल्ली आणि पुद्दुचेरीच्या विधानसभांचे आमदारही त्यात येतात. राष्ट्रपतींनी नेमलेल्या खासदारांना मत नाही, विधान परिषदेच्या आमदारांनाही नाही.

मतांचं मूल्य सारखं नसतं. राज्याची १९७१ च्या जनगणनेतली लोकसंख्या विधानसभेच्या जागांनी भागायची आणि आलेल्या आकड्याला पुन्हा हजारानं भागायचं. महाराष्ट्राची तेव्हाची लोकसंख्या ५ कोटी ४ लाख, जागा २८८, म्हणून आपल्या आमदाराच्या एका मताचं मूल्य १७५. उत्तर प्रदेशात ते २०८ आहे, सिक्कीममध्ये अवघं ७. आकडा १९७१ चाच का? ज्या राज्यांनी कुटुंबनियोजन मनावर घेतलं त्यांचं वजन घटू नये म्हणून. खासदाराच्या मताचं मूल्य २०२२ मध्ये ७०० होतं. त्या निवडणुकीत मुर्मू यांना ६,७६,८०३ मूल्याची मतं मिळाली, यशवंत सिन्हा यांना ३,८०,१७७.

आता हा हिशोब राळेगणसिद्धीला लावून पाहू. गाव पारनेर विधानसभेत येतं, लोकसभेला अहमदनगर मतदारसंघात. २०२४ मध्ये इथून खासदार झाले नीलेश लंके, शरद पवारांच्या राष्ट्रवादीचे. त्याच वर्षी आमदार झाले काशिनाथ दाते, अजित पवारांच्या राष्ट्रवादीचे. म्हणजे एकाच गावानं निवडलेले दोघे परस्परविरोधी आघाड्यांतून आलेले. राष्ट्रपती निवडताना गावाचा आवाज या दोघांच्या मतपत्रिकांतून जातो, दुसरी वाट नाही.

अमेरिकेत तरी लोक थेट निवडतात, असं कुणी म्हणेल. तिथंही निर्णय राज्याराज्यांच्या निर्वाचकांच्या हाती असतो. २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन यांना लोकांची मतं जास्त होती, अध्यक्ष मात्र डोनाल्ड ट्रम्प झाले.

गैरसमज : पक्षानं सांगितलं की आमदार-खासदाराचा नाइलाज असतो.

या निवडणुकीत व्हिप काढता येत नाही. मतदान गुप्त असतं, पक्षांतरबंदी कायदा इथं लागू होत नाही. उमेदवारांपुढे पसंतीक्रम लिहायचा असतो. १९६९ मध्ये काँग्रेसचे अधिकृत उमेदवार नीलम संजीव रेड्डी होते. इंदिरा गांधींनी सदसद्विवेकानं मत द्या असं सांगितलं आणि दुसऱ्या पसंतीची मतं मोजल्यावर व्ही. व्ही. गिरी निवडून आले.

महाराष्ट्राचं उदाहरण तर याहून ठळक आहे. २००७ मध्ये भाजपसोबत असलेल्या शिवसेनेनं भैरोसिंह शेखावत यांना सोडून प्रतिभाताई पाटील यांना मतं दिली, कारण मराठी माणूस राष्ट्रपती होत होता. २०१२ मध्ये त्याच शिवसेनेनं पी. ए. संगमा यांच्याऐवजी प्रणव मुखर्जी यांना पाठिंबा दिला. २०२२ मध्ये उद्धव ठाकरे महाविकास आघाडीत असूनही त्यांनी मुर्मू यांची बाजू घेतली. कट्टर म्हणवणाऱ्या पक्षानं तीनदा आघाडीची रेघ ओलांडली. मग सामान्य कार्यकर्त्यानं ती ओलांडून विचार केला तर त्याला गद्दार का म्हणायचं?

गैरसमज : राष्ट्रपती नुसता शिक्का मारतो. किंवा, खंबीर माणूस बसवला की तोच देश चालवील.

पहिली समजूत आणीबाणीनं पक्की केली. १९७५ मध्ये तेव्हाचे राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद यांनी मंत्रिमंडळाच्या बैठकीची वाट न पाहता आणीबाणीच्या घोषणेवर सही केली होती. पण १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीनं मंत्रिमंडळाचा सल्ला एकदा फेरविचारासाठी परत पाठवण्याचा अधिकार राष्ट्रपतींना मिळाला. के. आर. नारायणन यांनी १९९७ मध्ये उत्तर प्रदेशात आणि १९९८ मध्ये बिहारमध्ये राष्ट्रपती राजवट लावण्याची शिफारस परत पाठवली. तरुणांचे लाडके कलाम यांनी २००६ मध्ये लाभाच्या पदाचं विधेयक परत पाठवलं. संसदेनं ते पुन्हा मंजूर केलं, तेव्हा मात्र त्यांना सही करावी लागली. मर्यादा ही अशी आहे.

दुसरी समजूत जास्त घातक आहे. एकाच कणखर माणसाच्या हाती सगळं द्यावं, असं आज अनेक मुलं मनापासून बोलतात. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत डॉ. आंबेडकरांनी या प्रश्नाचं उत्तर देऊन ठेवलं आहे. आपला राष्ट्रपती राष्ट्राचं प्रतिनिधित्व करील, राज्य करणार नाही, हे त्यांनी स्पष्ट केलं. अमेरिकी पद्धतीत स्थैर्य अधिक, संसदीय पद्धतीत जबाबदारी अधिक. आपण जबाबदारी निवडली, कारण सरकारला रोज जाब विचारता यावा. जुनं आणि शहाणपणाचं जपावं असं ज्याला वाटतं, त्यानं हे शहाणपणही जपायला हवं.

राहिली वयाची गोष्ट. राष्ट्रपतिपदासाठी वय ३५ पूर्ण लागतं, शिवाय ५० सूचक आणि ५० अनुमोदक मतदारांतलेच लागतात. गल्लीत लोकप्रिय असून भागत नाही. ग्रामपंचायतीला मात्र २१ व्या वर्षी उभं राहता येतं आणि ग्रामसभेत १८ व्या वर्षापासून बोलता येतं.

तेव्हा मित्रांनो, आवडत्या नावाचे स्टेटस जरूर ठेवा. पण २०२७ चं मतदान होण्याआधी आपल्या आमदाराला आणि खासदाराला ग्रामसभेत बोलवा, कुणाला मत देणार आणि का, हे त्यांना तोंडावर विचारा.