तलावाच्या तळाची लागवड

गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव भागात पावसाळ्याच्या तोंडावर ढिवर या मच्छीमार समाजातली बाया-माणसं तलावात लावणी करतात. पाणी ओसरून उघडा पडलेला काठ नांगरायचा, चांगल्या राहिलेल्या तलावांतून पाणवनस्पतींचे कंद आणि फुटवे आणायचे, ते चिखलात खोचायचे. हे सगळं माशांसाठी. मनीष राजनकर आणि त्यांच्या भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने मच्छीमारांच्या पारंपरिक माहितीवर विसंबून हे काम उभं केलं. आपल्याकडच्या पाणथळ जागांसाठी झालेल्या कामांत मला ते फार मोलाचं वाटतं.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोलीत मिळून सहा हजारांहून अधिक माजी मालगुजारी तलाव, म्हणजे पूर्वी मालगुजार जमीनदारांच्या ताब्यात असलेले तलाव, आहेत. गोंड राजवटीत त्यांतले बरेचसे कोहळी समाजाने बांधले, भातशेतीसाठी. एका अंगाला बांध, समोरच्या अंगाला हळूहळू चढत जाणारी जमीन. त्यामुळे पाणी बांधाशी खोल आणि वर उथळ राहतं. माशांचा संसार चालतो तो या उथळ भागात.

मरळीचंच पाहा. नर-मादी उथळ पाण्यातली वनस्पती बाजूला सारून परातीएवढी मोकळी जागा करतात. पिवळसर अंडी तिथे पाण्यावर तरंगतात. पिल्लं निघाली की त्यांचा लालसर पुंजका हवा घ्यायला सारखा वर येतो आणि आईबाप खालून राखण करतात. वनस्पती नसली तर हे घर बांधायचं कुठे? इतर कितीतरी मासे अंडी थेट पानांना चिकटवतात. त्याच पानांवर शेवाळ आणि कीटक वाढतात, ते पिल्लांचं खाणं. हायड्रिला, व्हॅलिसनेरिया यांसारख्या बुडून वाढणाऱ्या वनस्पती दिवसा पाण्यात प्राणवायू सोडतात, मुळांनी गाळ धरून ठेवतात.

१९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली, तलाव सरकारकडे गेले. पुढे उत्पन्न वाढवायचं म्हणून रोहू, कटला, मृगळ आले. हे नदीतले मासे. तलावाच्या साचल्या पाण्यात ते वीत नाहीत, म्हणून बोटुकली पुन्हा पुन्हा विकत आणावी लागते. बाहेरून आणलेला गवत्या मासा पाणवनस्पती फस्त करतो, तर सायप्रिनस मासा तळ उकरून पाणी गढूळ करतो. काठावर बेशरम माजली. दक्षिण अमेरिकेतून आलेल्या या झुडपाला गुरं तोंड लावत नाहीत आणि तुटलेला तुकडा ओल्या मातीत पुन्हा रुजतो. म्हणून ती मुळासकट उपटून, वाळवून नष्ट करावी लागते. लावणीआधीचं सर्वांत कष्टाचं काम हेच. त्यानंतर लावलेल्या रोपांना गुरांपासून जपायचं आणि तेवढ्या पट्ट्यात जाळं टाकायचं नाही, हे गावाला आपसात ठरवावं लागतं.

गाळ काढण्याच्या योजनांत मात्र याच पट्ट्याची वाट लागू शकते. यंत्राने सरसकट खोदलं की साठा वाढतो, पण काठ उभा होतो आणि मातीतलं बी, कंद गाळाबरोबर ट्रॉलीत जातात. गाळ काढायला हवा, शेतालाही तो हवाच असतो. तो बांधाकडच्या खोल भागातून काढावा, वरचा उथळ उतार तसाच राखावा. कुठून खोदायचं याची खूण मारताना त्या तलावात जाळं टाकणारा ढिवर तिथे हजर असलाच पाहिजे. मरळ कुठे विते हे त्याला अचूक ठाऊक असतं.